डेपोचं काळं पाणी आणि शिरीषाच्या गाठी

प्रति,
उद्यान अधीक्षक आणि घनकचरा व्यवस्थापन विभागप्रमुख,
महाराष्ट्रातील सर्व महानगरपालिका व नगरपरिषदा

विषय : कचरा डेपोंवरील वृक्षलागवड आणि त्या झाडांना दिलं जाणारं लीचेट (कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी)

महोदय / महोदया,
स.न.वि.वि.

मे महिना लागला की आम्हा रोपवाटिकावाल्यांचे फोन खणखणू लागतात. डेपोवर लागवड आहे, शिरीष किती मिळेल, करंज किती, गिरीपुष्प आहे का, आणि लवकर हिरवं दिसावं म्हणून सुबाभूळ नाहीतर ऑस्ट्रेलियन बाभूळ. यादी कोण करतं ते आम्हाला कळत नाही, पण तिच्यामागचा विचार कळतो. ही सगळी हवेतलं नत्र (नायट्रोजन) मुळांशी बांधणारी झाडं आहेत, पडीक जागेत आपलं खत आपणच तयार करतात आणि पानगळीतून जमीनही सुधारतात. विचार बरोबर आहे. खरं तर मी तक्रार करू नये, कारण रोपं मेली की तीच ऑर्डर पुढच्या वर्षी पुन्हा येते. तरी लिहितो आहे, कारण मी पाहिलेल्या काही लागवडींत पाण्याची सोय म्हणून टँकर भरला जात होता तो डेपोच्या पायथ्याच्या लीचेटच्या तळ्यातून. पाण्याचा खर्च वाचतो, तळंही रिकामं होतं, आणि 'सेंद्रिय आहे, खतासारखंच लागू पडेल' असं वर ऐकवलंही जातं.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही झाडं आणि हे पाणी यांचं जमत नाही. नत्राच्या टंचाईत जे झाड उपयोगी, त्याला आपण नत्रात बुडवतो आहोत, आणि सोबत मीठही पाजतो आहोत.

आधी गाठींबद्दल, कारण सगळं तिथंच आहे. शिरीष किंवा करंजाच्या कोवळ्या मुळातून काही द्रव्यं मातीत झिरपतात. ती ओळखून रायझोबियम गटातले जिवाणू मुळावरच्या केसांकडे येतात, केस वाकतो, त्यातून जिवाणू आत शिरतात आणि मुळाला गाठ धरते. गाठीतला जिवाणू हवेतलं नत्र अमोनियाच्या रूपात आणतो आणि झाड त्याला साखर पुरवतं. हा व्यवहार झाडाला चांगलाच महाग पडतो. म्हणून मातीत आयतं नत्र असेल तर झाड गाठी धरायचं थांबवतं, आधी धरलेल्या गाठींनाही साखर तोडतं आणि त्या सुकतात. यात झाड आजारी पडलेलं नसतं. घरी फुकट जेवण आल्यावर खानावळीचे पैसे कोण भरेल?

(जाता जाता एक सांगून टाकतो. शेंगा येणारं प्रत्येक झाड नत्र बांधत नाही. गुलमोहर, बहावा, चिंच, आपटा, काशिद यांच्या मुळांवर गाठी येत नाहीत. डेपोच्या यादीत 'नत्र स्थिर करणाऱ्या प्रजाती' या मथळ्याखाली गुलमोहर वाचला की हसावं की रडावं कळत नाही. उलट सुरूच्या झाडाला शेंगा नसतात, पण फ्रँकिया नावाच्या वेगळ्या जिवाणूच्या मदतीनं ते नत्र बांधतं.)

आता लीचेटमध्ये काय असतं ते पाहू. ताज्या कचऱ्याचं पाणी आंबट असतं, त्यात सेंद्रिय आम्लं भरपूर, आणि त्याचा बीओडी (कुजणारी घाण खायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू) प्रचंड. कचरा काही वर्षं कुजला, आत मिथेन तयार होऊ लागला की आम्लं संपत जातात, सामू (पीएच) 7 च्या वर, कधी 8 च्याही वर जातो आणि पाणी दिसायला जरा निवळतं. इथंच फसगत होते. बीओडीचा आकडा उतरला म्हणून तळ्यातलं पाणी 'सुधारलं' असा शेरा पडतो. पण भरावाच्या, म्हणजे डेपोत साचलेल्या कचऱ्याच्या थराच्या, पोटात प्राणवायू नसल्यामुळे अमोनियाला जायला वाट नसते, तो तसाच राहतो, कित्येक दशकं राहतो. जुन्या भरावांच्या लीचेटमध्ये लिटरमागे काही शे ते दोन हजार मिलिग्रॅमपर्यंत अमोनियाचं नत्र सापडणं ही जगभरची नेहमीची गोष्ट आहे. क्लोराइडही बहुधा हजारांच्या घरात असतं. स्फुरद (फॉस्फरस) मात्र जेमतेम. गाठी धरायला ज्याची सर्वांत जास्त गरज, नेमकं तेच कमी.

साधा हिशोब करून पाहा. लिटरला 1,000 मिलिग्रॅम अमोनिया-नत्र असलेलं लीचेट एका रोपाच्या आळ्यात 10 लिटर घातलं तर एका वेळी 10 ग्रॅम नत्र पडलं. आठवड्यातून दोनदा, नोव्हेंबर ते मे असं 30 आठवडे घातलं तर 600 ग्रॅम. म्हणजे कंबरेएवढ्या रोपाला एका हंगामात 1 किलो 300 ग्रॅम युरिया. क्लोराइड लिटरला 2,000 मिलिग्रॅम धरलं तर त्याच आळ्यात 1,200 ग्रॅम क्लोराइड गेलं, म्हणजे मिठाच्या भाषेत जवळजवळ 2 किलो मीठ. कुठलाही माळी पहिल्या वर्षीच्या करंजाला मूठभर युरिया घालतानाही दहा वेळा विचार करतो. दोन किलो मीठ घालायला सांगितलं तर तो तुम्हाला हाकलून देईल.

एवढं होऊनही रोप लगेच मरत नाही, आणि खरी पंचाईत तीच आहे. लीचेट बरंच पातळ केलेलं असलं तर सुरुवातीला रोप चांगलंच फोफावतं. पानं गडद हिरवी, शेंडा लांब. सहा महिन्यांचा फोटो अहवालात छान दिसतो. मातीखाली मात्र वेगळं चालू असतं. जास्त नत्रावर वाढलेलं झाड वर पसरतं आणि मुळांवर खर्च कमी करतं, गाठी तर धरतच नाही. प्रमाण वाढत गेलं की पानांच्या कडा करपतात, जुनी पानं गळतात, मुळांची टोकं तपकिरी होऊन झडतात. क्षारामुळे मुळाला पाणी ओढता येत नाही, म्हणून आळ्यात ओल असतानाही दुपारी झाड माना टाकतं. सामू 8 च्या पुढे गेला की अमोनियाचा काही भाग मुक्त वायूच्या रूपात येतो आणि तो कोवळ्या मुळांना थेट भाजतो. खारट मातीत मुळावरचे केस नीट वाकत नाहीत, म्हणून जिवाणू दाराशी असूनही आत जात नाही. काळ्या मातीच्या पट्ट्यात सोडियम आणखी एक काम करतं. चिकणमातीचे कण सुटे होतात, पावसात त्यांचा रबडा होतो आणि वाळल्यावर जमीन फरशीसारखी घट्ट बसते. मग त्या जागी पुढे गोड पाणी दिलं तरी ते आत मुरत नाही.

शिवाय झाडानं न घेतलेलं नत्र जातं कुठं? मोकळ्या, हवेशीर मातीत जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात आणि नायट्रेट पावसाबरोबर सरळ खाली उतरतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट चालत नाही, असं भारतीय मानक सांगतं. अमोनियाच्या 1,000 मिलिग्रॅम नत्रापासून पूर्ण रूपांतर झाल्यास चार हजारांहून अधिक मिलिग्रॅम नायट्रेट होऊ शकतं. पुण्याच्या कचरा डेपोशेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी विहिरींचं पाणी बिघडलं म्हणून किती वर्षं आंदोलनं केली, किती वेळा गाड्या अडवल्या, हे पुणेकरांना सांगायला नको. नारेगावच्या ग्रामस्थांनी 2018 मध्ये गाड्या रोखल्या तेव्हा औरंगाबाद शहरात कचऱ्याचे ढीग साठले होते. अशा गावांच्या वरच्या बाजूला झाडांच्या नावाखाली लीचेट जमिनीत सोडणं म्हणजे तेच पाणी वेगळ्या वाटेनं त्याच विहिरीत पाठवणं आहे.

नियम काय म्हणतात, तेही सांगतो, कारण टेबलावर हा मुद्दा हमखास येतो. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत (त्यांची जागा 2026 मध्ये नव्या नियमांनी घेतली) प्रक्रिया केलेल्या लीचेटसाठी मर्यादांचा तक्ता होता. नदीनाल्यात सोडायचं तर लिटरमागे मिलिग्रॅममध्ये बीओडी 30, सीओडी (रसायनानं मोजलेली प्राणवायूची गरज) 250, अमोनिया-नत्र 50. जमिनीवर सोडायचं तर बीओडी 100, क्लोराइड 600, विद्राव्य क्षार 2,100. पण जमिनीच्या रकान्यात अमोनिया-नत्रासमोर आडवी रेघ होती. मर्यादाच नाही! माझ्या मते त्या तक्त्यातली ही सर्वांत मोठी फट होती, आणि लागवडीच्या नावाखाली लीचेट वापरण्याची वाट इथूनच फुटली. अहवालात 'जमिनीवरील विसर्गाच्या मर्यादेत' असं लिहिता यायचं आणि ते खोटंही नसायचं. तरी क्लोराइडचा 600 चा आकडा होताच. निदान तो तरी तपासा. कच्चं लीचेट त्यात बसणं अवघड आहे.

त्याच नियमांत भरावावर काय लावायचं हेही लिहिलं होतं आणि ते बहुतेक निविदांत उतरलं नाही. झाडं स्थानिक, न खाण्याजोगी, बहुवर्षायू, दुष्काळ सोसणारी हवीत. कमी अन्नद्रव्यांच्या मातीत तग धरणारी हवीत. आणि भराव स्थिर होईपर्यंत त्यांची मुळं 30 सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ नयेत. कारण सरळ आहे. वरच्या आच्छादनात 60 सेंटिमीटर दाबलेल्या चिकणमातीचा थर असतो, त्यावर 15 सेंटिमीटर निचऱ्याचा आणि त्यावर झाडोऱ्यासाठी 45 सेंटिमीटर मातीचा. चिकणमातीच्या थराला भोक पडलं की पावसाचं पाणी आत आणि लीचेट बाहेर. आता सांगा, सुबाभळीचं सोटमूळ 30 सेंटिमीटरवर थांबवायचं कसं? दाबलेल्या थराशी मुळं सहसा आडवी वळतात, असं म्हणणारेही आहेत आणि त्यात तथ्य आहे. पण मग ते उंच झाड अर्ध्या मीटर मातीवर उभं राहतं आणि पहिल्या वादळात आडवं होतं.

वायूचं तर कोणी बोलतच नाही. भरावातून वर येणाऱ्या वायूत निम्म्याहून जास्त मिथेन आणि उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साइड. तो मातीच्या पोकळ्यांतून प्राणवायू बाहेर ढकलतो. नत्र बांधणारी गाठ दमदार श्वास घेणारा अवयव आहे, प्राणवायू कमी पडला की ती सर्वांत आधी बंद पडते. गोल चकत्यांसारख्या जागेत एकदम दहा-पंधरा रोपं वाळलेली दिसली तर लीचेटला दोष देण्याआधी तिथं वायू मोजून घ्या. वायू काढायच्या नळ्या बसवल्याशिवाय तिथं पुन्हा रोप लावणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

बायोमायनिंगनं ही गोष्ट आणखी गुंतली आहे. स्वच्छ भारत मिशनचा दुसरा टप्पा 2021 मध्ये सुरू झाल्यापासून जुने ढीग चाळून जागा मोकळ्या करण्याचं काम राज्यभर चालू आहे. मुलुंडच्या डंपिंग ग्राउंडपासून लहान नगरपरिषदांपर्यंत सगळीकडे. चाळणीखाली जो बारीक, काळसर, मातीसारखा भाग पडतो तो फुकट मिळतो, आणि तो आळ्यांत, दुभाजकांत, कधी कधी रोपवाटिकेच्या पिशव्यांतही येतो. दिसायला तो पोयट्यासारखा. पण त्यात काचेचे तुकडे आणि प्लास्टिकचे कपटे तर असतातच, आणि वर्षानुवर्षं लीचेटमध्ये भिजल्यामुळे क्षार मुरलेले असतात. धातूंचं प्रमाण डेपोगणिक बदलतं. मी असा माल पिशवीत भरत नाही. ज्यांना भरायचा आहे त्यांनी आधी त्याची क्षारता मोजावी, दोन पावसाळे उघड्यावर धुवून काढावा आणि मग बोलावं.

धातूंचा विषय निघाला म्हणून इंग्लंडमधला एक प्रयोग सांगतो. तो लीचेटचा नव्हता आणि झाडांचाही नव्हता, तरी आपल्याला लागू आहे. रोथॅमस्टेड संशोधन केंद्राच्या वोबर्न इथल्या शेतावर 1942 ते 1961 या काळात सांडपाण्याचा गाळ खत म्हणून घातला गेला. गाळ बंद करून वीसेक वर्षं उलटल्यावर तिथं पांढऱ्या क्लोव्हरचं (गाठी धरणाऱ्या एका चारापिकाचं) पीक घेतलं, तेव्हा मुळांवर गाठी दिसल्या, पण नत्र बांधण्याचं काम त्या करत नव्हत्या. जमिनीतल्या धातूंमुळे कामाचे रायझोबियम नाहीसे झाले होते आणि निकामी तेवढे तगले होते. वर झाड हिरवं, खाली गाठीही आहेत, आणि नत्र शून्य. जिवंत रोपांची टक्केवारी मोजून हे कधीच कळणार नाही.

म्हणून माझी पहिली विनंती मोजण्याच्या पद्धतीबद्दल आहे. आजच्या निविदेत ठेकेदाराचं बिल जगलेल्या रोपांच्या संख्येवर निघतं. त्यात एक ओळ वाढवा. दर पट्ट्यातली थोडी रोपं पावसाळ्याच्या मध्यावर अलगद उकरायची आणि गाठी पाहायच्या. गाठ नखानं चिरली आणि आत गुलाबी-लाल निघाली तर ती काम करते आहे, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातकुळीतलं द्रव्य तिथं असतं. आत हिरवट, तपकिरी किंवा राखाडी निघाली तर ती संपली. याला प्रयोगशाळा लागत नाही. ब्लेड लागतं आणि उकिडवं बसायची तयारी लागते.

दुसरी विनंती लागवडीच्या आधीची. खड्डे खणण्यापूर्वी त्या जागेच्या मातीत आणि तुमच्याकडचं जे पाणी देणार आहात त्या पाण्यावर चवळी लावून पाहा. काही कुंड्या साध्या पाण्यावर, काही दहापट पातळ केलेल्या लीचेटवर, काही निम्म्या पाण्याच्या लीचेटवर. चवळी रायझोबियमच्या बाबतीत अजिबात चोखंदळ नाही, आपल्या मातीतल्या बऱ्याच टोळ्यांशी तिचं जमतं, आणि तीन-चार आठवड्यांत गाठी डोळ्यांना दिसतात. चवळीला गाठी आल्या म्हणजे शिरीषाला येतीलच असं नाही. पण चवळीलाही आल्या नाहीत तर त्या जागी नत्र बांधणारी झाडं लावण्यात काय मतलब, हे कुंडीच्या खर्चात कळतं. कृषी महाविद्यालयांतले विद्यार्थी हे काम आनंदानं करतील.

आता कुठं काय लावायचं. डेपोच्या कुंपणाबाहेरचा किंवा कडेचा पट्टा, जिथं मूळ जमीन आहे, मुरूम आहे, नत्र कमी आहे आणि लीचेट पोचत नाही, ती खरी शिरीष, करंज, पळस, बाभूळ यांची जागा. 2016 च्या नियमांनी भरावाभोवती हरित पट्टा मागितलाच होता, तो यांनी करा. तिथं रोप लावताना खड्ड्यात थोडं शेणखत, स्फुरद आणि रायझोबियमचं संवर्धक (जिवाणू खत) घाला, युरिया अजिबात नको, आणि पहिली दोन वर्षं गोडं पाणी द्या. टँकरचा खर्च परवडत नसेल तर रोपं निम्मी लावा. भरावाच्या माथ्यावर आधी गवत बसू द्या. आणि पायथ्याशी जिथं लीचेट फुटून येतं तिथं झाड नकोच. अस्तर टाकलेल्या वाफ्यात देवनळ, वाळा अशा नत्र पिणाऱ्या वनस्पती लावल्या तर त्या निदान नत्र ओढून घेतात, पण तेही शुद्धीकरण केंद्राच्या पुढचा टप्पा म्हणून, केंद्राऐवजी नव्हे. क्षार तर गवतही फारसे काढत नाही.

हाँगकाँगमध्ये जुने भराव बंद करून त्यांवर बाभळीच्या कुळातली झाडं मोठ्या प्रमाणात लावली गेली आणि पातळ केलेलं लीचेट झाडांना देऊन पाहण्याचे प्रयोगही तिथं झाले. त्याचा दाखला देऊन कोणी म्हणेल की तिथं चालतं, मग इथं का नको. तिथं वर्षभर बऱ्यापैकी ओलावा असतो. आपल्याकडे जूनपर्यंत तळं आटत जातं, म्हणजे उन्हाळ्यात, रोपाला पाण्याची सर्वांत जास्त गरज असताना, लीचेट सर्वांत जहाल असतं. आणि पावसाळ्यात, जेव्हा ते आपोआप पातळ होतं, तेव्हा रोपाला पाणीच नको असतं. मुंबईसारख्या ठिकाणी 2,200 मिलिमीटर पाऊस धरला तर उघड्या भरावाच्या एका हेक्टरवर 2 कोटी 20 लाख लिटर पाणी पडतं. त्यातलं चौथाई जरी आत मुरलं तरी 55 लाख लिटर लीचेट. एवढं पाणी रोपांना घालून संपवायचा विचार कागदावरही टिकत नाही. ते कमी करायचं असेल तर भराव झाकावा लागतो. मुंबईतल्या गोराईचा सुमारे 20 हेक्टरचा भराव 2007 ते 2009 दरम्यान शास्त्रोक्त झाकून बंद केला, तसा.

शेवटची मागणी माहितीची. प्रत्येक डेपोच्या लीचेटचे अमोनिया-नत्र, क्लोराइड, विद्राव्य क्षार आणि सामू यांचे आकडे एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑगस्टमध्ये मोजून पालिकेच्या फलकावर लावावेत. रोपं पुरवणाऱ्याला, लावणाऱ्याला आणि शेजारच्या विहिरीवाल्याला ते पाहता आले पाहिजेत. पुढच्या लागवडीची निविदा काढताना 'डेपोवरील उपलब्ध पाणी' हे शब्द काढून तिथं 'गोडे पाणी' असं लिहा, आणि सोबत उकरून पाहायच्या रोपांची अट घाला. चवळीचं बियाणं आणि कुंड्या मी माझ्या खर्चानं देतो. ज्या पालिकेला हव्या असतील तिनं पावसाआधी कळवावं.

आपला नम्र,
एक रोपवाटिकाचालक